जोत्यापर्यंतचं घर

पाण्याचा ग्लास हातात देण्याआधी काकू तो दाराच्या उजेडात धरायच्या. "पाह्य बाई, मंग पे," म्हणायच्या.

शेलूबाजारात आमच्या शेजारच्या खोलीत त्या ब्लाऊज शिवायच्या. एकच खोली. त्यात मुलगा, सून, शिलाई मशीन आणि मधे जुन्या साडीचा पडदा. सुनेला दिवस गेले तेव्हा पडद्यामागून उलट्यांचा आवाज यायचा. पोरीला लाज वाटू नये म्हणून काकू मशीन जोरात चालवायच्या.

गावामागच्या नव्या लेआउटमध्ये त्यांनी प्लॉट घेतला होता. जोतं झालं त्या दिवशी मला हात धरून फिरवलं. "हे सैपाकघर. हे सुनेची खोली. दार लावता येते, पाह्य!" दार कुठलं आलं? पण त्यांनी ते लावून दाखवलं.

मग गावाच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. लेआउटमधल्या घरांचं सांडपाणी नाल्यात जायचं आणि नाला विहिरीला लागूनच. पोरं आजारी पडली. काकूंनी बायका गोळा केल्या, बाटलीत ते पाणी भरलं आणि तालुक्याची कचेरी गाठली. साहेब आले, पाणी तपासलं, आदेश निघाला. सांडपाण्याची सोय होईपर्यंत तिथे नवं घर बांधायचं नाही. उभी घरं राहिली, त्यांची घाणही वाहत राहिली. अडकलं ते काकूंचं जोतं.

लेआउटवाला घरी आला. "तक्रार मांगं घ्या काकू. तुमचं काम चालू करून देतो."

"अन् पाण्याचं?"

"पाण्याचं पाहू."

"मंग घराचंबी पाहू."

मुलगा भडकला. "तुह्याच हातानं घर अडवलं, माय!" त्यानंतर तो आईशी बोलेना. एवढ्याशा खोलीत न बोलता राहायचं म्हणजे काय, तुम्हीच विचार करा.

"तक्रार ठेवली त घर नाई, काढली त पाणी नाई," काकू मला म्हणाल्या. "कुठं जाऊ बाई?"

तक्रार मात्र त्यांनी काढली नाही. बांधकामाची परवानगी आजही नाही.

पुढे घरमालकानं खोली मागितली. मेडशीला बहिणीकडे जायचं ठरलं. जाताना काकूंनी सामानाची गाडी लेआउटपाशी थांबवली. जोत्यावर चढल्या आणि वाढलेलं गवत उपटायला लागल्या. मुलगा रस्त्यावर पाठ फिरवून उभा होता.

बऱ्याच वेळानं तो वळला. जोत्याजवळ आला, चपला काढल्या आणि मगच वर पाय ठेवला.