मिसेस स्कोलींच्या फ्रिजमधली कासवं

एकतीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या बाईबद्दल विल्फ ओल्डरॉइडला सांगता येईल असं फार थोडं होतं. नाव एनिड स्कोली. उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सली गावच्या इस्पितळात चादरी धुण्याच्या खात्यावर ती मुकादम होती. नवरा वारला की सोडून गेला, हे विल्फला कधी कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. तो तिला एवढ्या वर्षांनंतरही ‘मिसेस स्कोली’च म्हणत राहिला. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं ते एवढंच, की तिच्या मागच्या खोलीत एक जुना फ्रिज आहे आणि हिवाळाभर त्यात दूध-लोणी काही नसतं. बुटांच्या खोक्यांत गल्लीतल्या लोकांची पाळीव कासवं तिथे आपली हिवाळी झोप काढत असतात, कारण घरातल्या उबेत ती मोडते.

विल्फच्या घरचा हॉरेसही दर नोव्हेंबरात तिकडे जायचा. ते सगळं त्याची बायको मेव्हिस बघायची. मेव्हिसनं नऊ वर्षांची असताना बाजारातल्या हातगाडीवरून घेतलेलं ते कासव. जुलैत मेव्हिस गेली आणि हॉरेस मागे राहिला. त्याला यंदाच्या हिवाळ्यातून जिवंत बाहेर काढायचं, एवढंच एक काम विल्फनं मनाशी धरलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी तो हॉरेसला घेऊन मिसेस स्कोलींच्या दारात उभा राहिला.

“शेवटचं कधी खाल्लं यानं?”

“आत्ताच. अर्धा टोमॅटो. म्हटलं, आता वसंतापर्यंत उपाशी राहायचंय बिचाऱ्याला.”

“अरे देवा! विल्फ, पोटातलं अन्न झोपेत कुजतं. आतल्या आत सडून मरेल तो. तीन आठवडे काही द्यायचं नाही. रोज कोमट पाण्यात बसवायचं, पोट साफ होईपर्यंत. मेव्हिसनं तुला काहीच शिकवलं नाही का?”

नव्हतं शिकवलं, याचाच त्याला राग आला.

तीन आठवडे उपास करायला लावणं तोंडानं सांगायला सोपं. हॉरेस सकाळी टकटक करत स्वयंपाकघरात यायचा आणि विल्फच्या सपातेला नाक लावून उभा राहायचा. अकराव्या दिवशी विल्फनं काकडीची एक चकती टाकली. मग बाराव्या दिवशीही.

मिसेस स्कोली वजनकाटा घेऊन आल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी आकडा दोनदा वाचला.

“वा! रिकाम्या पोटी वजन वाढणारं जगातलं हे पहिलं कासव.”

“काकडीत काय, नुसतं पाणीच तर असतं...”

“मग पाणीच पाजायचं होतंस! पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे. आणि तुझ्यासारख्या मऊ माणसानं पाळायचंच असेल तर मांजर पाळावं.”

विल्फ घरी येऊन किटलीशी आदळआपट करत राहिला. ही बाई रागावते ती हॉरेसच्या काळजीनं की स्वभावानंच, हे त्याला उमगेना. वैताग तिचा, स्वतःचा, आणि हे सगळं न सांगता गेलेल्या मेव्हिसचाही. पण दुसऱ्या वेळी त्यानं उपास मोडू दिला नाही. हॉरेस सपातेपाशी आला की तो उठून परसात जायचा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॉरेस एकदाचा फ्रिजमध्ये गेला. खालच्या फळीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या होत्या, थंडावा एकसारखा राहावा म्हणून. पारा पाचावर. मिसेस स्कोली रोज सकाळी दार उघडून जुन्या तबकानं आत वारा घालायच्या.

“श्वास घेतात रे ती, झोपली तरी.”

जानेवारीत त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेताना रुग्णवाहिकेच्या दारातूनच त्यांनी किल्ली विल्फच्या हातात दिली.

“रोज दार उघड, पारा बघ, रविवारी वजन कर. स्वतःचं डोकं लावू नकोस.”

दुखतंय का, हे विचारायचं विल्फला सुचलंच नाही. नंतर ते त्याला फार लागलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं हॉरेसचं खोकं उचललं तर तळचा कागद ओला. वजनही एकदम उतरलेलं. त्यानं वॉर्डात फोन लावला. नर्सनं दोनदा थांबवून ठेवलं. तिसऱ्यांदा तो तिच्यावर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदाच कुणा परक्या बाईवर. मग मिसेस स्कोलींचा बारीक झालेला आवाज आला.

“काय झालं?”

“हॉरेसनं खोक्यात लघवी केलीय.”

“अंगातलं पाणी गेलं त्याच्या. आता झोपू द्यायचं नाही, कोरडा पडून मरेल. बाहेर काढ. आधी खोलीत ठेव, एकदम शेगडीपाशी नको. मग कोमट पाण्यात, हनुवटीपर्यंत. नाक वर राहायला हवं.”

“नाही प्यायला तर?”

“तर मी काय इथून येऊन पाजू? बस त्याच्याजवळ.”

तो बसला. हॉरेस भांड्यात दगडासारखा पडून. पाणी निवलं, बदललं, पुन्हा निवलं. विल्फ हॉरेसवर चिडला, फ्रिजवर चिडला, खुब्याच्या हाडावर चिडला. चौथं पाणी घातल्यावर हॉरेसचा एक डोळा किलकिला झाला. मान हळूच लांब झाली, तोंड पाण्याखाली गेलं आणि गळा हलायला लागला.

विल्फनं ओल्या हातानंच फोन लावला.

“मिसेस स्कोली, पितोय.”

“किती वेळ?”

“पाच मिनिटं झाली. अजून पितोय.”

“पिऊ दे. मध्ये उचलू नकोस.”

तुमचं कसं आहे, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं. पण तेवढ्यात पलीकडे ताटल्यांचा आवाज झाला.

“जेवण आलं. पुन्हा तेच गिचका राखाडी मटार. उद्या सकाळी फोन करू नकोस, डॉक्टर असतात. दुपारी कर.”

“दुपारी करतो,” विल्फ म्हणाला.