पुंजाजीचा कान

अमडापुरात लग्न असो नाही तर जयंती, आवाज बिघडला की लोक म्हणणार, "पुंजाजीले बोलवा." पुंजाजी यायचा आणि मशीनकडे बघायचाही नाही. सरळ मांडवाच्या पार टोकाला, म्हाताऱ्या बाया नातवंडं घेऊन बसतात तिथं जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि तिथूनच हातानं खुणा करायचा. जाड आवाज कमी कर, बारीक वाढव. सगळ्या जन्माची भाकर त्यानं या कानावर खाल्ली. आता त्याच कानानं दगा दिला होता, आणि पठ्ठ्यानं ते कोणालाच कळू दिलं नव्हतं.

ढोल ऐकू यायचा, ट्रॅक्टर यायचा, माणसांचं बोलणंही बरंचसं यायचं. पण पैंजण, झांज, सकाळच्या चिमण्या, सगळं गायब. मागच्या एका लग्नात त्यानं बारीक आवाज इतका वाढवला, की नवरीच्या मामानं कानात बोटं घातली. पुंजाजीनं खापर माईकवर फोडलं आणि वेळ मारून नेली.

त्यात पोरानं घोळ घातला. प्रसेनजित चिखलीच्या कॉलेजात शिकवतो. नव्या घरात त्यानं सिनेमा पाहायची खोली केली, हौसेनं उंच, भारी स्पीकर मागवले आणि बापाला म्हणाला, "बाबा, याले ॲम्प्लिफायर तुमीच निवडायचा. तुमच्या कानाइतका भरोसा मले कोणाचाच नाई."

"कंपनीच्या कागदावर सगळं लेहेलं असते, ते पाहून घे ना बे," असं म्हणून पुंजाजीनं टाळून पाहिलं. पोरगा कुठं ऐकतो. स्पीकर गोदड्यांत गुंडाळून पिकअपमध्ये चढवले, ते धरायला पुंजाजीची बायको सिंधूताई मागं बसली, आणि तिघं खामगावच्या दुकानात हजर झाले.

कागदापुरतं पुंजाजीचं बरं चाललं. हे स्पीकर चार ओहमचे, म्हणजे करंट जास्त ओढणार. लेचापेचा ॲम्प्लिफायर लावला की आवाज वाढवताच फाटणार, आणि फाटक्या आवाजानं स्पीकरमधला बारीक आवाजाचा भोंगा जळून जाणार. हे तो झोपेतही सांगू शकला असता. त्यानं एकेक करून कमजोर ॲम्प्लिफायर बाजूला काढले. शेवटी दोन उरले, ताकदीला अगदी सारखे.

"आता काका, कानानंच ठरवा," दुकानदार राजकुमार म्हणाला.

पहिला लावला. कुण्या बाईचं गाणं, मागं झांज आणि घुंगरू असावेत. पुंजाजीनं सवयीनं डोळे मिटले. दुसरा लावला. तेच गाणं, तीच बाई, फरक काडीचाही नाही. त्याला वाटलं, द्यावं ठोकून कोणतंही एक नाव. पण चुकलं तर? पोराच्या घरात जन्मभर कर्कश वाजत राहील, आणि बापाचा शब्द म्हणून पोरगा ते निमूट ऐकत बसेल. ही भीती त्याला सोसेना.

"पुन्हा लाव," म्हणून तो सवयीप्रमाणे दुकानाच्या दारापर्यंत मागं गेला. तिथून त्याला सिंधूताई दिसली. मांडीवर गोदड्यांची घडी घेऊन ती भिंतीशी बाकावर बसली होती. पहिला वाजला तशा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, पदर कानावर गेला. दुसरा वाजला आणि चेहरा निवळला. पुंजाजीनं आणखी एकदा लावायला सांगितलं. पुन्हा तेच झालं.

"दुसरा घे," तो म्हणाला.

प्रसेनजितची कळी खुलली. "मलेही तोच वाटला. पण बाबा, पहिल्यात तुमाले नेमकं काय खटकलं?"

पुंजाजीला इथं खापर फोडायला माईकही नव्हता.

"त्याईले काऊन विचारतं?" सिंधूताई बोलली. "पहिला कानात टोचे. झांज पत्र्यावानी वाजे."

पुंजाजी तिच्याकडे पाहतच राहिला. आयुष्यभर मांडवातल्या भोंग्यांच्या पायथ्याशी बसून ही बाई शेंगा फोडत आली, कधी कानावर हात नेला नाही. आज एवढ्याशा खोलीतल्या आवाजाला तिनं पदर घेतला होता, तोही त्याला दिसावा म्हणून. तो जाऊन तिच्याशेजारी बसला.

"कवापासून माहीत तुले?"

"उन्हाळ्यापासून. माह्या बांगड्या वाजल्या तरी तुमी मागं वळून पाहत नाई."

त्याला लाजही वाटली, आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटलं. मग त्यानं पोराला हाक मारली. "प्रसेनजित, मले बारीक आवाज ऐकू येत नाई बे. वर्ष झालं. म्या तुह्या मायचं तोंड पाहून सांगितलं."

प्रसेनजितनं दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर गाणं पहिल्यापासून लावलं आणि बापाच्या पायाशी फरशीवर बसला.

सिंधूताई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आता झांज वाजून राह्यली," ती म्हणाली. "आता थांबली. आता नुसती बाई गाते."

"हाव," पुंजाजी म्हणाला. "बाई ऐकू येते."