रंगूनवाल्या काकांची भाषा

आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकांना सगळे रंगूनवाले म्हणत. इंग्रजांच्या अमलात ते ब्रह्मदेशात एका गोऱ्या साहेबाच्या भाताच्या गिरणीवर मुकादम होते. पुढे तिथल्या लोकांनी आपला देश आपल्या ताब्यात घेतला आणि काकांना सोलापूरला परतावं लागलं. हा कृतघ्नपणा काकांनी त्यांना कधीच माफ केला नाही.

"आमी आणि साहेबानं मिळून माणसात आणलं की त्यांना!" बशीतला चहा फुंकत ते ओट्यावरून रोज ऐकवायचे. साहेबासमोर कधी बसायला मिळालं का, असं कुणी विचारलं की मात्र ते उन्हाळ्यावर बोलू लागायचे.

बाहत्तर-त्र्याहत्तर साली शेजारच्या शाळेतल्या बाई बौद्ध यात्रेकरूंबरोबर रंगूनचा पॅगोडा पाहायला निघाल्या. "काका, तिथली चार वाक्यं शिकवा ना," असं म्हणत त्या ओट्यावर येऊन बसल्या.

वीस वर्षं तिथं काढलेला माणूस तो! काका ताठ बसले आणि ब्रह्मी भाषेत घडाघडा बोलून एकेकाचा अर्थ सांगू लागले. "हे उचल. लवकर चल. बाहेर थांब. तोंड बंद ठेव."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि 'तुमचे आभार' कसं म्हणायचं?"

काकांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं, ओठ हलवून पाहिले. बशीतला चहा निवून गेला.

"सोपाच असणार हो शब्द," ते शेवटी म्हणाले, "पण आमाला कधी लागलाच न्हाय की."