बिननावाचा डबा

देवावर माझा भरोसा कधी फार नव्हता, आणि बायको गेल्यावर जो होता तोही उडाला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला भगत समजू नये. चौथी शिकलेला माणूस आहे. गोड बोलणं जमत नाही.

अमरावतीच्या जुन्या वस्तीत माझी पिठाची चक्की आहे. हा धंदाच संशयाचा. बाई धान्य घेऊन आली की आधी काट्याकडे पाहते, मग माझ्या हाताकडे. चक्कीवाला मूठभर पीठ मारतोच, हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं असतं. मलाही त्यांचा संशय. गहू ओला तर नाही, ज्वारीत मका तर नाही मिसळला. फक्त माझी बायको काट्यावर बसायची तोवर बायका डबे ठेवून खुशाल बाजारात निघून जायच्या. ती म्हणायची, "दाना त्यायचा, पीठ त्यायचं. आपून मंधातले." मी हसायचो. मधल्याचं पोट मात्र भरते ना, म्हणायचो.

अंबादेवीचा मंगळवार तिनं कधी चुकवला नाही. तरी दुखणं आलं आणि तिला घेऊनच गेलं. मला वाटलं, देवीनंच माप मारलं. ती गेल्यावर बायका डब्याजवळ उभं राहून पीठ पडताना पाहू लागल्या. माझं तोंड फाटकं. कोणाला काही बोललो असेन. हळूहळू त्या दुसऱ्या चक्कीवर जाऊ लागल्या. मी घरी चूल पेटवणं सोडलं. चहात टोस्ट बुडवायचा आणि पडून राहायचं.

अकोल्याची पोरगी म्हणे, बाबा, इकडेच या. जवायानं चक्कीच्या जागेला गिऱ्हाईकही आणलं, मोबाईलचे कव्हर विकणारा. जवाई एवढा धावपळ करतो म्हणजे त्याचं काहीतरी असणार, असं मनात आलंच. पण हो म्हणून बसलो. एका मंगळवारी संध्याकाळी किल्ली द्यायची ठरली.

त्या सकाळी शेवटची झाडझूड करायला शटर उघडलं, तर एक बाई आली. उतारवयाची, हिरवं लुगडं, कधी पाहिलेली नाही. स्टीलचा डबा काट्याजवळ ठेवून म्हणाली, "भाऊ, ज्वारी हाये. दळून ठेवजा. देवीच्या पाया पडून येतो न् घेऊन जातो." चक्की बंद झाली असं सांगेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती. वजन केलं नाही, पाहिलं नाही, मागे वळलीसुद्धा नाही. मला लगेच संशय आला. चक्कीवाल्याजवळ असा डबा कोण टाकून जातं? आपल्याकडे लग्नातल्या वाटीवरही नाव कोरलेलं असतं, आणि या डब्यावर कुठंच नाव नव्हतं. ज्वारी हातावर घेऊन पाहिली. खडा नाही, किडा नाही. दळून ठेवली.

दुपार झाली, बाई नाही. संध्याकाळी जवाई त्या माणसाला घेऊन आला.

"मामाजी, किल्ली द्या."

"लोकाचं पीठ अंदर हाये. ते जाऊ द्या."

"एका डब्यासाठी सौदा थांबवता का?"

"माझ्या भरोशावर ठेवला ना, जवाईबापू."

भरोसा हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, मलाच कळलं नाही. जवाई तोंड पाडून गेला. तो माणूस म्हणाला, येईन परत.

दुसऱ्या दिवशी बाईसाठी शटर उघडावं लागलं. तिसऱ्या दिवशीही. असा आठवडा गेला, आणि मग मला माझी चूक दिसली. ज्वारी दळायची घाई केली होती मी. दाणा वर्षभर राहतो, ज्वारीचं पीठ राहत नाही. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकर थापताना फाटते. बाई आली आणि शिळं पीठ हाती पडलं, तर म्हणेल चक्कीवाल्यानं बदललं. म्हणून घरची ज्वारी तेवढीच मोजून दळली आणि डब्यात भरली. आधीच्या पिठाचं काय करायचं? अन्न फेकता येत नाही. चूल पेटवली. पहिली भाकर फाटली, दुसरी करपली, तिसरी तिखटासोबत खाल्ली. बायको गेल्यापासून पोटभर जेवलो तो पहिलाच दिवस.

तरी बाई येईना. शेवटी डबा उचलला आणि तिला शोधायला अंबादेवीच्या देवळाकडे गेलो. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. बाहेर बसणाऱ्या फुलवालीनं मला ओळखलं.

"काहून भाऊ, देवीले भाकरीचं पीठ आनलं का?"

मी बाईबद्दल विचारलं. ती म्हणाली, "हिरव्या लुगड्याच्या बाया मी का मोजून ठेवतो इथं? पन चक्की सुरू हाये का तुमची? आमाले कोनी सांगतलं बंद झाली म्हनून. थांबा, माहे गहू आनतो."

आलोच होतो तर आत गेलो. हात जोडायला हात रिकामे नव्हते, दोन्ही डब्यात गुंतलेले. तसाच उभा राहिलो, डबा पुढं धरून. काही मागितलं नाही. भांडायचं म्हणून मनात जमवून ठेवलं होतं, तेही आठवलं नाही. कानात बायकोचंच बोलणं आलं: दाना त्यायचा, पीठ त्यायचं. तेव्हा कळलं की तीही माझी नव्हती. माझ्याजवळ ठेवलेली होती, भरोशानं. इतकी वर्षं ठेवली, हेच पुष्कळ. देवीनं माप मारलं असं मी म्हणत होतो, पण मोजायला बसलेला मी कोण?

फुलवालीचे गहू आले. तिनं शेजारणीला सांगितलं. बायका येऊ लागल्या. काट्याजवळ तो डबा पाहून विचारायच्या, कोणाचा? मी सांगायचो, माहीत नाही, सांभाळून ठेवला आहे. हळूहळू त्याच्या बाजूला दुसरे डबे लागले, आणि बायका पुन्हा ठेवून जाऊ लागल्या. जवायाला फोन करून सौदा मोडला. तो रागावला नाही. उलट म्हणाला, "मामाजी, तुमी जेवत नव्हते म्हनून केलं होतं सगळं." त्याच्यावरही मी उगाच संशय घेतला.

ती बाई कोण, मला सांगता येत नाही. लोक म्हणतात, देवीच असेल. मी म्हणतो, एखादी भुलक्कड बाईही असेल, घरी सुनेच्या शिव्या खात असेल. संशयाची सवय एकदम जात नाही. पण सकाळी शटर उघडताना आता मी उंबऱ्याला शिवून हात कपाळाला लावतो. दुकान लहान आहे, पण त्यात लोकांचा भरोसा मावतो, यापेक्षा जास्त कमाई मला ठाऊक नाही. मालक मी नाही, मधला आहे. मधल्यानं एवढंच करावं, ज्याचं त्याला नीट द्यावं आणि वाट पाहताना दार उघडं ठेवावं.

डबा काट्याजवळच आहे. पीठ आज सकाळचं आहे. ती आली तर तिचं तिनं घेऊन जावं.