जुन्या गाडीचा फोटो

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना हिवरा आश्रमाजवळच्या खेड्यातली एक बाई मोबाईल घेऊन आली. तिचा नवरा वायरमन. एका एजंटामार्फत तो फ्रान्सला रेल्वेच्या कारखान्यात लागला होता. दर रविवारी त्याचा मेसेज येई, सोबत आगगाडीचा फोटो.

"साहेब, मेसेज त्यायच्याच नंबरवरून येते," ती म्हणाली. "पण सहा महिन्यांत आवाज नाही आयकला. फोन दुसऱ्याच्या हातात असन, तं ते कुठी हायेत?"

एकाही फोटोत तो स्वतः नव्हता. मी मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली. मोबाईलच्या लोकेशनचा अहवाल यायला वेळ होता. भुसावळला रेल्वेत नोकरी केलेल्या माझ्या साडूला शेवटचा फोटो पाठवला. खाली मजकूर होता: 'आज या गाडीची वायरिंग बदलली. जुनी आहे, पण रोज धावते.'

साडूचा संध्याकाळी फोन आला. "पॅरिसच्या आसपास धावणारी विजेची जुनी गाडी आहे ही. पण धावते कुठली? या जातीच्या सगळ्या गाड्या केव्हाच सेवेतून काढल्या. बऱ्याचशा भंगारात गेल्या."

दुसऱ्या दिवशी एजंटाला बोलावलं. खोटं बोलणारा माणूस आपलाच प्रश्न आपल्याला परत विचारतो.

"तो कुठं आहे?"

"कुठं आहे म्हंजे? फ्रान्सलेच. फोटो येऊन राह्यले ना."

मी फोटो समोर ठेवला. "ही गाडी तिथं आता धावतच नाही. बाईला खुनाचा संशय आहे, आणि त्याला शेवटचं तूच भेटलास."

त्यानं हात जोडले. "व्हिसाच नाही झाला, साहेब. तोच म्हणे, गावात सांगू नोको. जालन्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात हाय तो."

एजंटावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आणि बाईला घेऊन जालना गाठलं. तो तारा गुंडाळत बसला होता. तिला पाहून उठला, पण पुढे आला नाही.

"गावानं सत्कार केला होता," तो खाली बघत म्हणाला. "कोणत्या तोंडानं येऊ? फोटो नेटवरून काढत होतो."

तिनं त्याच्या हातातली तार काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी मेलेला माणूस धुंडत होती. हात धुवा, चला. गावाले मी सांगन."

मिसिंगच्या नोंदीत मी 'इसम मिळून आला' असं लिहिलं.

तोवर माणूस बेपत्ता झाला की त्याचा वैरी कोण, हे मी पहिल्यांदा विचारत असे. त्या दिवसापासून आधी विचारू लागलो, घरी परतायला त्याला कोणाची लाज वाटत असेल?