सड्यावरचं ध्यानगृह

आंबा घाट उतरल्यावर एसटीच्या खिडकीतून येणारी हवा एकदम दमट झाली. हातखंब्याला मृणाल जीप घेऊन उभी होती. मृणाल माझी मावसबहीण, वास्तुविशारद. पुण्यातली नोकरी सोडून तिने जयगडच्या वाटेवर एका सड्यावर (डोंगरमाथ्याचं कातळाचं पठार) योग आणि ध्यानासाठी निवासस्थान बांधलं होतं. सोलापुराहून मी पाठदुखी घेऊन आले होते आणि तिचं काम बघण्याची उत्सुकताही.

बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या मागून रखडत आम्ही सड्यावर पोहोचलो. मार्च महिना होता. कमरेएवढं गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि त्यात जांभ्या दगडाचं गोल ध्यानगृह, बांबूच्या सांगाड्यावर गवताचं उतरतं छप्पर. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा रणरणता उकाडा विसरले.

"चिरे इथल्याच खाणीचे," मृणाल सांगत होती. "दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरलेत. आणि तो खाणीचा खड्डा बघ, पावसाचं पाणी साठवतो त्यात. सौरपंपाने वर घेतो."

खड्ड्यातलं पाणी आता तळाला गेलं होतं. "पाऊस येईपर्यंत पुरवायचंय," ती म्हणाली.

जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. चार घास जास्तच गेले. पंगतीला शिबिराला आलेली मंडळी होती आणि शेजारचे बागायतदार हमीदभाईही. मस्कतची नोकरी सोडून त्यांनी वडिलांची हापूसची कलमं हाती घेतली होती. सड्याच्या कडेला, ध्यानगृहाला लागूनच त्यांची बाग. फळ तयार व्हायला आलं होतं. "यंदा देवानं हात सैल सोडलाय," ते म्हणाले आणि बागेकडे निघून गेले.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. मी ओसरीवर आडवी झाले होते. आधी जळका वास आला. मग सड्याच्या पश्चिम टोकाला धुराची पिवळट भिंत उठताना दिसली.

हमीदभाई गडगा (दगड रचून केलेली बुटकी भिंत) ओलांडून धावत आले. "मृणालबाय, वणवा! वारा इकडंच हाय!"

अग्निशमनाची गाडी रत्नागिरीहून निघणार होती, पण तिची वाट बघण्याइतकी उसंत नव्हती. पंप एक, पाईप एक. गवताच्या छपरावर पाणी मारायचं की बागेच्या कडेवर? दोन्हींना पुरेल एवढं पाणी नव्हतं. हमीदभाई पाईपकडे बघत उभे राहिले.

मृणालने एकदा छपराकडे पाहिलं. त्या छपरात तिचं वर्ष गेलं होतं, हे मला ठाऊक होतं.

"पाईप बागेकडे घ्या," ती म्हणाली. "छप्पर आपण उतरवू."

"उतरवू म्हणजे?" मी ओरडले.

"ओढून काढायचं, ताई! सुंभाने बांधलंय, खिळा नाही एकही. कोयता आण!"

मग काय झालं ते सगळं सलग आठवत नाही. मृणाल शिडीवर चढून बंध कापत होती आणि आम्ही खालून गवताच्या पेंढ्या ओढून खाणीच्या खड्ड्याकडे नेत होतो. शिबिरातले एक गृहस्थ बॅग भरून रस्त्याकडे पळाले. बाकीच्यांनी पांढरे कपडे काळे करून घेतले. वाडीतली माणसं हिरवे टहाळे घेऊन आली आणि आगीच्या कडा झोडपू लागली. आवाज कडकडत जवळ येत होता. डोळे चुरचुरत होते, श्वास पुरत नव्हता. मी पाठदुखी विसरले, ती मागाहून दामदुपटीने आठवली.

छपराचा शेवटचा तुकडा राहिला असताना ठिणगी त्यावर बसली. भप्पकन ज्वाळा उठली. "मृणाल, उतर!" मी किंचाळले. तिने जळता तुकडा कोयत्याने खाली ढकलला आणि शिडीवरून अक्षरशः पडली. मनगट सुजलं, भुवई होरपळली. वाडीतल्या माणसांनी तो तुकडा टहाळ्यांनी विझवला.

आग ध्यानगृहाला वळसा घालून पुढे गेली आणि ओल्या गडग्यापाशी अडली. कडेची काही कलमं करपली, बाग वाचली. गाडी आली तेव्हा धुमसणारे बुंधे तेवढे विझवायचे उरले होते. आग कशाने लागली? कुणी विडी म्हणालं, कुणी विजेची तार. शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी हमीदभाईंच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, घावन आणि नारळाचा रस पाठवला. हमीदभाई मृणालला म्हणाले, "तुमचा छप्पर गेला."

"गेलं नाही, खड्ड्याकडे पडलंय," ती म्हणाली, आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिरार्थी बिनछपराच्या त्या गोल भिंतींत बसले. शिबिराच्या शिक्षिकेने डोळे मिटायला सांगितलं. कुणीच मिटले नाहीत. सगळे बांबूच्या फासळ्यांतून पश्चिमेकडे, धूर दिसतो का, ते बघत होते. थोड्या वेळाने तिनेही डोळे उघडले.

निघताना मी विचारलं, "पुन्हा गवतच घालणार?"

"माहीत नाही, ताई. कौलं घातली असती तर इतक्या सहज पेटलं नसतं. पण ती अशी ओढून उतरवता आली नसती, मग मी काल बागेला पाणी दिलं असतं की नाही, तेही माहीत नाही."

परतीच्या एसटीत घाट चढताना माझ्या तळव्यांवरचे फोड ठणकत होते. सोलापुरात सगळ्यांनी एकच विचारलं, "जागा शांत आहे ना?" मी हो म्हणते. पण निसर्गात राहायला जाणं म्हणजे शांतता मिळवणं, असं आता मला वाटत नाही. तिथे शेजार मिळतो. तो सांभाळावा लागतो.