सगळ्यांचा एकच ईमेल

शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने मला स्नेहसंमेलनाचे फोटो ईमेलने पाठवले आणि ते तिच्याकडेच परत गेले. तिने फोन केला. "तुझा इनबॉक्स भरला म्हणे. इतकं काय साठवून राहिली?" मलाही कळेना. मी निवृत्त शिक्षिका, सक्करदऱ्याला राहते, ईमेल उघडते ती महिन्यातून एकदा. मला कोण एवढं लिहिणार?

चष्मा लावून बसले. पॉवर टिलरवर खास सूट. पुरुषांच्या केसगळतीवर तेल. कॅनडात शिकायला चला. मंगल कार्यालयासाठी खुर्च्या, घाऊक भावात. आणि जवळजवळ प्रत्येकात 'आपण दाखवलेल्या आवडीबद्दल आभार'. कसली आवड? केव्हा दाखवली?

हे पाठीमागून डोकावले. "काहून वं, टिलर कोणासाठी पाहून राहिली?"

"मी कायले पाहू? तेच मले पाहून राहिले."

प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'अनसबस्क्राइब' असतं, ते मी चार दिवस दाबत बसले. मोठ्या दुकानांच्या जाहिराती थांबल्या. पण ज्यांची नावंही मला वाचता येत नव्हती, त्यांच्या दुपटीने वाढल्या. एकाला तर मी नीट उत्तरच लिहिलं, की महोदय, आपला काहीतरी गैरसमज झाला आहे. दुसऱ्या दिवसापासून तिथून रोज तीन यायला लागले.

शेवटी आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या त्या बाईंना विचारलं. त्या हसल्या. "अहो, ओळखीच्या दुकानाचं असेल तर दाबा अनसबस्क्राइब. अनोळखी असेल तर उत्तर नाही, त्यातलं काही दाबायचं नाही. दाबलं की त्यांना कळतं, इथं माणूस आहे. सरळ स्पॅममध्ये टाका. आणि पत्ता कुठून बाहेर गेला ते शोधा आधी."

मी कामाला लागले. सगळ्यांत आधी लग्न जुळवणाऱ्या एका साइटचे टाकले. 'एका सदस्याने आपल्यात रस दाखवला आहे.' तेहतीस वर्षांच्या संसारानंतर माझ्यात कोण रस दाखवतो, असं म्हणून मी आणि हे खूप हसलो. उघडून एकही पाहिला नाही.

मग दीडेक महिन्याने एकदा टिलरवाल्यांच्या पत्रात 'नमस्कार'च्या पुढे चक्क माझ्या भाच्याचं नाव दिसलं. माझा मोठा भाऊ कुहीजवळच्या आमच्या गावी शेती करतो, त्याचा हा मुलगा. मी भावाला फोन लावला.

"दादा, माझा ईमेल तू कोणाले देला का?"

"देतो ना," तो सहज म्हणाला. "फॉर्मात ईमेलच्या रकान्यापाशी लाल चांदणी राहते. भरल्याबिगर पुढं जातच नाही. तुझाच भरतो."

"अन् केसाचं तेल?"

"ते बाजूच्याचं असंन. त्यालेही तुझाच देला."

कधीतरी शेतीच्या नोंदणीसाठी मी त्याला माझा पत्ता कागदावर लिहून दिला होता. तो त्याने लाईटच्या मीटरशेजारी चिकटवून ठेवला होता. गल्लीत ज्याला लागेल तो येऊन फोटो काढून नेत असे. रागवावं की काय करावं, मला समजेना. त्याला वाटत होतं ईमेल म्हणजे गावच्या चावडीसारखं काहीतरी, सगळ्यांचं.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. भाचा मिरची घेऊन कळमन्याच्या बाजारात गेला होता. वहिनी अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. मी मीटरजवळचा कागद काढला, आणि किती कचरा आला, कसा साफ केला, ते तिला रंगवून सांगायला लागले. लग्नाच्या साइटचंही सांगितलं, हसत हसत.

वहिनीचा हात थांबला.

"बाई, ते आमचं होतं," ती म्हणाली. "पोरासाठी नाव टाकलं होतं. कुहीच्या ऑनलाईनवाल्यानं भरून देलं. उत्तर ईमेलवर येईन म्हणे. मी म्हटलं, आलं की बाई सांगतीलच. सहा महिन्यांपासून वाट पाहून राहिली मी."

"तुम्ही मला विचारलं का नाही, वहिनी?"

"काय विचारू? आलंच नाही म्हणाल्या असत्या तर?"

मी तिथंच फोन काढला. स्पॅममधलं तीस दिवसांनी आपोआप जातं, हे मला त्या दिवशी कळलं. दोनच उरले होते. पहिला उघडला तर मुलीचं नाव झाकलेलं, नंबर पाहायचा तर आधी पैसे भरा. दुसऱ्यात नंबर होता. भावाने लावला. पलीकडून एका बाईने सांगितलं की त्यांच्या मुलीचं गेल्याच महिन्यात जमलं. आवाज चांगला होता. "तुम्ही उशीर केला," एवढंच म्हणाल्या.

बाकीचे किती होते? त्यात खरी माणसं किती आणि नुसत्या जाहिराती किती? मी आठवून पाहत होते. मथळे सगळे सारखेच होते. वहिनी विचारत होती, "पण अंदाजे, बाई? पाच होते? दहा?" मला सांगता येईना.

संध्याकाळी भाचा आला. बत्तीसचा झाला आहे, बोलतो कमी. त्याला सगळं सांगितलं. तो हातपाय धुवून आला, पाणी प्यायला, म्हणाला, "जाऊ दे ना आत्या. शेती करतो म्हटलं की पुढं तसंही कोणी बोलत नाही."

त्याचं हे बोलणं माझी समजूत घालण्यासाठी होतं, की त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं? त्याच्या तोंडाकडे पाहून मला काही उमगलं नाही. मी त्याचा स्वतःचा ईमेल उघडून दिला, साइटवर पत्ता बदलला, कोणतं दाबायचं आणि कोणतं नाही ते शिकवलं. शिकवताना दोनदा अडखळले. अनोळखी असेल तर उघडू नको, असं म्हणायला गेले, तर तो म्हणाला, "पण आत्या, पोरीकडचे तर अनोळखीच राहतीन ना?"

आता माझा इनबॉक्स बराच रिकामा असतो. मैत्रिणीचे फोटोही आले. भाच्याचं अजून जमलेलं नाही. एक स्थळ येऊन गेलं, ते ओळखीतून आलं होतं.

वहिनी मात्र दर रविवारी फोन करते.

"बाई, काही आलं का?"

"आता माझ्याकडे येत नाही ना वहिनी. त्याच्याकडे येतं."

"हो, मालूम आहे. तरी पाहून घ्या एकदा."

मी फोन कानाला धरूनच स्पॅम उघडते आणि एकेक वाचत खाली जाते.